क्लच नवा, माप जुनेच : कोल्हापुरातील दोन गॅरेजांचा अनुभव

माझ्या 2009 सालच्या मारुती ऑल्टोचा मूळ क्लच 86 हजार किलोमीटर चालून यंदाच्या जानेवारीत संपला. चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढायचा, गाडी मात्र होती त्याच वेगाने चालत राहायची, आणि पेडलवरचा पाय जवळजवळ पूर्ण उचलल्याशिवाय ती जागची हलत नसे. नवा क्लच मी कोल्हापुरातील एका बऱ्यापैकी मोठ्या, संगणकावर बिल काढून देणाऱ्या गॅरेजमध्ये बसवून घेतला. त्या कामात राहून गेलेली उणीव मात्र शिवाजी उद्यमनगरातील एका मिस्त्रींनी पाऊण तासात दूर केली. पहिल्या गॅरेजचे नाव एकाच कामाच्या अनुभवावरून जाहीर करणे मला योग्य वाटत नाही, आणि दुसऱ्याच्या दारावर पाटीच नाही. त्यामुळे हे परीक्षण दुकानांच्या नावांपेक्षा त्यांच्या कामाचे आहे, असे वाचकांनी समजावे.

पहिल्या गॅरेजच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते आधी सांगितले पाहिजे. गाडी सकाळी दहाला दिली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठरल्या वेळी मिळाली. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट बदलला होता, गिअर ऑइल नवे भरले होते, पाझरू लागलेले एक ऑइल सील न सांगता पण बिलात स्पष्ट लिहून बदलले होते, आणि काढलेले जुने भाग नव्या सेटच्याच खोक्यात घालून डिकीत ठेवले होते. जुनी प्लेट मी हातात घेऊन पाहिली तेव्हा तिचे अस्तर रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत झिजलेले होते, म्हणजे काम गरजेचे होते याविषयी शंका उरली नाही. एकूण बिल 7,150 रुपये झाले आणि त्यातली जवळजवळ निम्मी रक्कम सेटचीच होती. पंधरा वर्षांहून जुन्या गाडीसाठी ही रक्कम मला अवाजवी वाटली नाही.

अडचण गॅरेजच्या फाटकातच सुरू झाली. गाडी बाहेर काढण्यासाठी रिव्हर्स टाकला तेव्हा करकर असा आवाज झाला. पेडल पूर्ण दाबलेले असतानाही गिअर दातावर दात घासत बसला, आणि पहिला गिअर टाकून पेडलवरचा पाय थोडासा हलवला, तोच गाडी पुढे सरकली. पूर्वी जी पकड (पेडल सोडताना क्लच जिथे धरू लागतो ती जागा) अगदी वरच्या टोकाला होती ती आता तळाशी गेली होती. सुपरवायझर तरुण आणि बोलायला नम्र होता. तो म्हणाला, "काका, नवीन प्लेट आहे. पाचशे किलोमीटर चालवा, आपोआप बसेल." त्याच्या आत्मविश्वासाचा माझ्यावर परिणाम झाला आणि मी घरी आलो.

घरी आल्यावर मुलीच्या दप्तरातली पट्टी घेऊन मी पेडलची रिकामी चाल मोजली. रिकामी चाल म्हणजे पेडल दाबायला सुरुवात केल्यापासून खरा जोर लागू लागेपर्यंत ते जेवढे मोकळे खाली जाते तेवढे अंतर. गॅरेजमध्ये याला फ्री प्ले म्हणतात. केबलवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत ती साधारणपणे दीड ते अडीच सेंटिमीटर असावी लागते (प्रत्येक गाडीचे नेमके माप तिच्या पुस्तिकेत पाहावे, हे उत्तम). माझ्या गाडीत ती साडेपाच सेंटिमीटर भरली. पेडलचा जवळपास निम्मा प्रवास केवळ केबलची ढिलाई काढण्यात खर्च होत होता आणि उरलेल्या प्रवासात क्लच पूर्ण सुटत नव्हता. पुढे जाण्याचे गिअर सिंक्रोमेशमुळे, म्हणजे दात जुळण्याआधी वेग जुळवून घेणाऱ्या रचनेमुळे, कसेबसे पडत होते. रिव्हर्सला ती सोय नसल्यामुळे दोष सर्वात आधी आणि सर्वात मोठ्याने तिथेच ऐकू येत होता.

नवा क्लच बसवल्यावर असे का होते, हे समजून घेतले तर सुपरवायझरच्या उत्तरातले खरे-खोटे वेगळे करता येते. क्लच प्लेटला इंजिनाच्या फिरत्या चकतीवर, म्हणजे फ्लायव्हीलवर, दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या मध्यभागी पाकळ्यांसारख्या पोलादी पट्ट्या असतात, ज्यांना मिस्त्री लोक फिंगर म्हणतात, आणि रिलीज बेअरिंग पुढे सरकून त्यांनाच दाबते. क्लच प्लेट जसजशी झिजून पातळ होते तसतशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या दिशेने सरकते आणि तरफेच्या न्यायाने फिंगरची टोके उलट्या दिशेला, म्हणजे बेअरिंगकडे, येतात. त्यामुळे रिकामी चाल वर्षागणिक कमी होत जाते, पेडलची पकड वर वर चढते, आणि दर सर्व्हिसिंगला कोणीतरी केबलच्या टोकाचा नट थोडा सैल करून ती चाल परत मिळवून देतो. माझ्या गाडीचा नट असा सैल होत होत आट्यांच्या जवळजवळ शेवटाला पोहोचला होता. आता त्याच केबलवर पूर्ण जाडीची नवी प्लेट आली, फिंगर पुन्हा आत गेले आणि बेअरिंगपासून दूर झाले. पण नट मात्र झिजलेल्या प्लेटच्याच मापावर राहिला. नवीन प्लेट "आपोआप बसेल" यात सत्याचा अंश एवढाच, की प्लेट झिजेल तशी चाल कमी होईल हे खरे आहे. पण साडेपाच सेंटिमीटरचे दोन सेंटिमीटर होण्यासाठी पाचशे किलोमीटर पुरत नाहीत, कित्येक वर्षे लागतात, आणि तेवढ्या काळात अर्धवट सुटणाऱ्या क्लचने गिअर बॉक्सचे काय होईल हे सांगायला मिस्त्री लागत नाही.

चौथ्या दिवशी मी गाडी परत घेऊन गेलो. या वेळी सुपरवायझरने एका मुलाला हाक मारली. त्याने बॉनेट उघडले, पाना लावून नट भराभर आवळला, दोन मिनिटांत बॉनेट बंद केले आणि "आता बघा काका, एकदम मस्त झालंय" असे सांगितले. रिव्हर्स बिनआवाज पडला आणि मी समाधानाने पैसे विचारले, तेव्हा त्यांनी घेतले नाहीत. पेडल त्याने एकदाही दाबून पाहिले नव्हते आणि मोजपट्टी तर दूरच राहिली, ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. पकड आता जुन्या क्लचसारखी पुन्हा वर गेली आहे, हेही मी सवयीमुळे दोष म्हणून ओळखले नाही. उलट गाडी ओळखीची वाटली.

दहा दिवसांनी आम्ही चौघे रत्नागिरीला गेलो. जाताना आंबा घाट उतरणीचा, त्यामुळे काही जाणवले नाही. परत येताना साखरपा मागे टाकून चढ लागला, गाडीत सामान आणि नारळांचे पोते होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर तोच जुना प्रकार सुरू झाला: आवाज चढतो, गाडी चढत नाही. थोड्या वेळात जळकट वास आला. ज्यांनी तो वास एकदा घेतला आहे त्यांना तो पुन्हा ओळखायला वेळ लागत नाही. रस्त्याच्या कडेला जागा पाहून अर्धा तास थांबलो, मग दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर अगदी हलका ठेवून वर आंब्यापर्यंत आलो आणि मलकापूरला चहा घेतला तेव्हा पाय थरथरत होते. माझ्याजवळ त्या वेळी एक पाना असता आणि नट कुठल्या दिशेला फिरवायचा हे माहीत असते तर तिथेच हा प्रश्न सुटला असता, ही गोष्ट नंतर कळल्यावर जास्त चुटपुट लागली.

या वेळी झालेली चूक पहिल्या चुकीच्या नेमकी उलटी होती. नट गरजेपेक्षा जास्त आवळला की केबल सतत ताणलेली राहते, बेअरिंग फिंगरवर कायम टेकलेले राहते, आणि प्रेशर प्लेटची पकड त्या प्रमाणात सुटते. चालक पेडलवर पाय ठेवूनच गाडी चालवत असल्यासारखी ती अवस्था असते, फक्त पाय केबलचा असतो. सपाट रस्त्यावर हलक्या गाडीत हे लपून जाते, घाटात लपत नाही. त्यातही वाईट भाग असा की प्लेट घसरली की ती झिजते, झिजली की फिंगर आणखी मागे येतात, आणि केबलमध्ये ढील नसल्याने पकड आणखी सुटते. म्हणजे दोष स्वतःच स्वतःला वाढवत नेतो. सतत फिरत राहणारे बेअरिंगही अशा वेळी लवकर आवाज करू लागते.

गॅरेजला फोन केला तेव्हा मिळालेल्या उत्तरामुळे माझे मत खरे तर बनले. प्लेट सदोष निघाली असेल, उत्पादकाकडे दावा करावा लागेल, त्यासाठी गिअर बॉक्स पुन्हा उतरवावा लागेल, गाडी तीन दिवस ठेवा, आणि दावा मंजूर झाला नाही तर मजुरीचा अर्धा भार तुमच्यावर येईल, असे मला सांगण्यात आले. फोनवर एवढे सगळे ठरवण्याआधी "पेडल मोकळे किती जाते?" हा एक प्रश्न कोणीही विचारला नाही.

शेजारच्या एका लेथ चालवणाऱ्या गृहस्थांनी उद्यमनगरातील या मिस्त्रींकडे पाठवले. जागा म्हणजे एका बंद फाउंड्रीच्या भिंतीला टेकवलेले पत्र्याचे छप्पर, खाली एक खड्डा आणि दोन लाकडी फळ्या. एका वेळी एकच गाडी आत येते. साठीच्या आसपासच्या या मिस्त्रींनी तक्रार पूर्ण ऐकून घेतली, घाटातला वास कसा होता हेही विचारले, आणि बॉनेटला हात न लावता आधी चालकाच्या बाजूचे दार उघडून खाली बसले. मी पेडलवर पाय ठेवू लागलो तसे म्हणाले, "पाय नको साहेब, हातानं दाबा. पायाला कळत नाही, हाताला कळतंय." हाताने दाबल्यावर खरोखरच कळले: पेडल पहिल्या मिलिमीटरपासून जड लागत होते, रिकामी चाल जवळजवळ नव्हतीच.

यानंतरचे त्यांचे काम ज्या क्रमाने झाले तो क्रमच मला या सेवेचा सर्वात मोलाचा भाग वाटतो. नटाला हात लावण्याआधी त्यांनी पेडलच्या सांध्यातले बुश हलवून पाहिले, कारण तिथे खेळ असेल तर मोजलेली चाल फसवी येते. मग केबलचे बाहेरचे आवरण फायरवॉलच्या (इंजिन आणि आसनांच्या मधल्या पत्र्याच्या) छिद्रात नीट बसले आहे ना आणि वाटेत कुठे कोन पडला नाही ना, हे बोटांनी चाचपले. गिअर बॉक्सवरच्या रिलीज लिव्हरची (केबल जिला ओढते त्या तरफेची) आणि तिच्या दांड्याची खूण एका रेषेत आहे का हेही टॉर्च लावून तपासले. काम करताना ही तरफ काढली गेली असेल आणि एक दात पुढेमागे बसली असेल तर नट कितीही फिरवला तरी पेडल जागेवर येत नाही, असे त्यांचे म्हणणे. या तिन्ही ठिकाणी काही दोष नव्हता, म्हणजे पहिल्या गॅरेजची जोडणी व्यवस्थित होती, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. दुसऱ्याच्या कामाची निंदा न करणारा कारागीर मला आजकाल क्वचित भेटतो.

मग त्यांनी नट पूर्ण सैल केला, आट्यांवरचा गंज तारेच्या ब्रशने काढला, थोडे ऑइल लावले आणि एकेक फेरा आवळत दर वेळी मला पेडल हाताने दाबायला लावून स्टीलची पट्टी शेजारी धरली. माझ्या गाडीत नटाच्या एका फेऱ्याला पेडलवर साधारण अर्धा सेंटिमीटर फरक पडतो, हे त्या वेळी कळले, आणि दोन मिनिटांत भराभर आवळलेल्या नटाने किती उत्पात केला असेल याचाही अंदाज आला. रिकामी चाल दोन सेंटिमीटरवर आल्यावर ते थांबले.

पट्टीचे माप बरोबर आले म्हणजे काम झाले, असे मात्र त्यांनी मानले नाही. इंजिन सुरू करून, पेडल पूर्ण दाबून, तीनपर्यंत आकडे मोजायला लावले आणि मग रिव्हर्स टाकायला सांगितला. तो आवाज न करता पडला. त्यानंतर हँडब्रेक पूर्ण ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये, थोडा ॲक्सिलरेटर देत पेडल हळूहळू सोडायला सांगितले. इंजिन घरघरून बंद पडले, आणि बंद पडणे हीच येथे उत्तीर्ण होण्याची खूण असते, कारण क्लच घसरत असता तर इंजिन निवांत चालू राहिले असते. ही परीक्षा एकदाच घ्यायची, पुन्हा पुन्हा घेतल्यास चांगली प्लेटही भाजते, अशी ताकीद त्यांनी दिली. शेवटी ते शेजारच्या आसनावर बसले आणि मला उद्यमनगरातून एक फेरी मारून आणायला लावली. परत आल्यावर त्यांनी नट अर्धा फेरा सैल केला. कारण विचारले तेव्हा म्हणाले की तुमचा पाय गिअर टाकून झाल्यावरही पेडलवर टेकलेला असतो, तेवढी जागा जास्त ठेवली आहे, पण सवय मोडली तर बरे. इतक्या वर्षांत ही सवय मला कोणी दाखवून दिली नव्हती, आणि खरे सांगायचे तर थोडा रागही आला.

घाटात भाजलेल्या प्लेटचे काय, हा प्रश्न मी विचारलाच. गिअर बॉक्स न उतरवता ते कोणालाच दिसणार नाही, पण पकड परीक्षेत टिकली आहे, तेव्हा पहिले काही शे किलोमीटर शहरात सौम्यपणे चालवा, अर्ध्या क्लचवर चढावर उभे राहू नका आणि त्यानंतर पट्टी लावून एकदा मोजा, एवढेच त्यांनी सांगितले. या सगळ्याचे त्यांनी 150 रुपये घेतले.

या गॅरेजच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बिल मिळत नाही, त्यामुळे पुढे काही वाद झाला तर हातात कागद नसतो. सुटे भाग गिऱ्हाइकानेच आणून द्यायचे असतात. बसायला एक मोडकी खुर्ची आहे आणि ती बहुधा आधी आलेल्याने व्यापलेली असते. पावसाळ्यात छपराखाली पाणी येते म्हणून मोठी कामे घेतली जात नाहीत, आणि दुपारी एक ते तीन मिस्त्री जेवायला घरी जातात ते फोन उचलत नाहीत. ज्यांच्या गाडीचा क्लच केबलऐवजी हायड्रॉलिक आहे, त्यांना या विशिष्ट कामासाठी इथे येण्याचे फारसे कारणही नाही, कारण त्या व्यवस्थेत प्लेटची झीज बहुधा आपोआप सावरली जाते. तिथे पेडल खाली गेले असेल तर नट शोधण्यापेक्षा द्रव कमी झाला आहे का किंवा नळीत हवा शिरली आहे का, हे आधी पाहावे लागते.

पूर्ण क्लच बदलायचा असेल तर मी पुन्हाही पहिल्यासारख्याच, लिफ्ट आणि साधने असलेल्या गॅरेजमध्ये जाईन, कारण गिअर बॉक्स उतरवण्याचे काम खड्ड्यात आणि फळ्यांवर करून घेण्याचे धाडस मला होत नाही. पण गाडी ताब्यात घेण्याआधी तिथेच पट्टी काढून चाल मोजेन, रिव्हर्स स्वतः टाकून पाहीन, आणि नट फिरवणाऱ्याला आधी पेडल दाबून बघायला लावीन. सात हजारांच्या कामात दहा मिनिटांचे हे मोजमाप धरलेले नव्हते, एवढीच त्या गॅरेजविरुद्ध माझी तक्रार आहे. आणि ती लहान नाही, कारण त्या दहा मिनिटांअभावी चांगला बसवलेला क्लच दोन आठवड्यांत दोन वेगवेगळ्या प्रकारे नादुरुस्त ठरला.

त्यानंतर गाडी 640 किलोमीटर चालली आहे. गेल्या रविवारी मोजली तेव्हा रिकामी चाल दोन सेंटिमीटरला एक-दोन मिलिमीटर कमी भरली. नव्या प्लेटचा पृष्ठभाग फ्लायव्हीलवर नीट बसताना एवढे होणारच, असे मिस्त्रींनी फोनवर सांगितले, अर्थात तीननंतर. पावसाळ्यापूर्वी केबल बदलून घ्या, जुन्या केबलच्या आतला गंज नट कितीही नीट लावला तरी पेडल जड करतो, असेही ते म्हणाले. नवी केबल आणून ठेवली आहे. ती बसवली की माप पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागेल.